पाणसळ

घराचा डावा अर्धा मंगळवारी आला.
उजव्याचं टायर हायवेवर फुटलं, तो बुधवारी.
उघड्या बाजूला ताणलेलं पांढरं प्लास्टिक
वाऱ्यावर फुगायचं, बसायचं,
आणि मागे कपाटं, नळ, दिव्यांची बटणं
सगळं जागच्या जागी,
फक्त घर अजून अर्धं होतं.

व्हर्लीन ओडम शाळेची बस चालवते.
त्या रात्री ती खुर्ची टाकून त्याच्यापाशी बसली.
चोरीच्या भीतीनं नव्हे, म्हणाली,
एकटं वाटू नये त्याला.

माझं काम पाणसळीचं.
पारदर्शक नळी, तिच्यात लाल रंगाचं पाणी,
एक टोक बादलीत, दुसरं माझ्या मुठीत.
तुळयांखाली पाठीवर सरपटायचं,
जॅक पाव इंच वर,
लाकडी पाचर ठोकायची, परत पाणी बघायचं.
पाणी खोटं बोलत नाही.
सेल्समन कधीकधी बोलतो.

दोन अर्ध्यांच्या सांध्याला
आमच्या धंद्यात लग्नरेषा म्हणतात.
घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून;
इथे दोन्ही एकाच दुपारी उरकतं.
चार माणसं, दोन विंच, डब्यात गार चिकन.
शेवटचा इंच सगळ्यात हट्टी.
मग फोमची पट्टी दबल्याचा आवाज,
उशीवर डोकं टेकल्यासारखा.

दीर बघायला आला. पत्र्याचा डबाच ना शेवटी?
मी त्याला भिंतीतलं सहा इंची लाकूड दाखवलं,
कधीच पाऊस न पाहिलेलं,
कारण कारखान्याला छप्पर असतं.
दुहेरी काचा दाखवल्या. वादळासाठी
जमिनीत चार फूट पिळून घातलेले लोखंडी नांगर.
तो काही बोलला नाही, खिडकी वर-खाली करत राहिला.
तिसऱ्यांदा म्हणाला, अडकत नाही की.

किंमत गावातल्या विटांच्या घराच्या तिसरा हिस्सा.
पण बँकेच्या वहीत हे घर नाही, वाहन आहे,
व्याजही वाहनाचंच,
चाकं काढून शेडमागे रचून ठेवलीत तरी.
आणि खालची जमीन दिराची, करार तोंडी.
ते समतल करायचं अवजार
माझ्याकडे नाही.

संध्याकाळी तिने एप्रनच्या खिशातून
एक हिरवी गोटी काढली.
जुन्या ट्रेलरमध्ये अठ्ठावीस वर्षं
हातातून सुटलेलं जे काही
ते घरंगळत फ्रिजमागच्या कोपऱ्यात जायचं:
वाटाणे, बटणं, क्लीव्हच्या रक्तदाबाच्या गोळ्या,
एकदा तिची अंगठी.
क्लीव्ह होता तोवर दर रविवारी
झाडूचा दांडा घेऊन तिथे पालथा पडायचा
आणि एकेक वस्तू नाव घेऊन बाहेर काढायचा.

गोटी तिने नव्या ओट्यापाशी ठेवली, बोट उचललं.
आम्ही चौघं टोप्या हातात घेऊन उभे.
गोटी हलली नाही.

माझ्या पोरानं शिट्टी मारली.
व्हर्लीन गुडघ्यांवर हात टेकून
बराच वेळ वाकून बघत होती.
छान झालं, म्हणाली. फारच छान.
पण आता हरवलेलं शोधायचं कुठे?

मी नळी गुंडाळली.
हमीपत्रातली वर्षभराची ओळ वाचून दाखवली:
अलाबामाची ही लाल माती
पावसात फुगते, उन्हात आकसते,
वसंतात परत येऊन तपासून जाईन.
तेव्हा पाव इंच राहू दे, ती म्हणाली,
फ्रिजच्या बाजूला.
हसत होती का, ते अंधारात दिसलं नाही.

मी कागदावर लिहिलं नाही.
लक्षात ठेवलंय.